फुलाआधी पान: शरदातल्या ॲस्टरची निवड

इंग्लंडमधल्या बहुवर्षायू फुलझाडांच्या वाफ्याला सप्टेंबर महिना जड जातो. पिओनी, आयरिस, डेल्फिनियम केव्हाच आटोपलेली असतात, फ्लॉक्सचा भर ओसरलेला असतो आणि थंडीने सगळे करपायला अजून कित्येक आठवडे असतात. ही पोकळी भरून काढण्यात ॲस्टरचा हात धरणारे झाड नाही. बागेत पिवळे-तांबडे रंग उरतात त्या दिवसांत ते निळा, जांभळा आणि गुलाबी देते. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या बाजारात येणारे ॲस्टर हे नव्हे. ते मूळचे चीनमधले, एका हंगामात संपणारे, वेगळ्या प्रजातीचे झाड. इथे विषय आहे तो एकाच गड्ड्यातून वर्षानुवर्षे फुटणाऱ्या ॲस्टरचा, ज्याला २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणावरून तिकडे ‘मायकेलमस डेझी’ म्हणतात. त्याचे शेकडो वाण आहेत आणि ते निवडताना माणूस साहजिकच फूल पाहतो. माझे म्हणणे असे आहे की हंगामाच्या शेवटी फुलणाऱ्या झाडाची परीक्षा आधी पानावरून करायला हवी. गेल्या शतकभराचा ॲस्टरचा इतिहास तेच सांगतो.

कारण झाडाच्या वेळापत्रकात आहे. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले की कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. शरदातले बहुतेक ॲस्टर याच पठडीतले. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. तेव्हा झाड फक्त खोड आणि पाने वाढवते, आणि दिवस आखडू लागले की कळी धरते. (पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे तिकडचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू होत नाही.) डॅफोडिल मार्च-एप्रिलमध्ये फुलून मोकळे होते, रोगकिडींचा जोर वाढायच्या आत त्याचे काम झालेले असते. ॲस्टरच्या पानाला मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तग धरावी लागते. उन्हाळ्यातला कोरडेपणा, ऑगस्टमधल्या दमट रात्री, बुरशी, कीड, सगळे सोसून मग फुलायचे. पान दुबळे असेल तर फूल कितीही देखणे असले तरी ते रया गेलेल्या खोडावर येते.

नेमकी हीच गोष्ट विसाव्या शतकात नजरेआड झाली. हेरफर्डशरमधल्या कॉलवॉल या गावी, मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी, अर्नेस्ट बॅलार्ड यांनी न्यूयॉर्क ॲस्टर या जातीवर जवळजवळ अर्धे शतक काम केले. मूळ झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे, ओल्या जमिनीत वाढणारे, साध्या एकेरी फुलांचे. त्यातून त्यांनी मोठी, भरगच्च, दुहेरी फुले घडवली. १९०७ मध्ये त्यांच्या ‘ब्यूटी ऑफ कॉलवॉल’ला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे पहिल्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. फिकट निळी ‘मारी बॅलार्ड’ आजही विकली जाते, आणि तिच्या रंगाला तोड नाही हे मान्यच करायला हवे. बॅलार्ड यांची चिकाटी आणि नजर दोन्ही असामान्य होती. पण प्रदर्शनाच्या टेबलावर फांदी येते, झाड येत नाही. गड्डा वाफ्यात पाच महिने कसा उभा होता, हे तिथे कोणी विचारत नाही. शिवाय दुहेरी फुलात मधल्या पिवळ्या बिंबपुष्पकांची जागा पाकळीसारख्या किरणपुष्पकांनी घेतलेली असते. त्यामुळे शरदात अन्नाच्या शोधात निघालेल्या मधमाशीच्या हाती तिथे फारसे काही लागत नाही.

या फुलांची किंमत दोन रूपांत मोजावी लागली. पहिली भुरी. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर पांढरट पूड दिसू लागते, ती वर सरकते आणि पाने तपकिरी होऊन खोडाला लोंबत राहतात. या बुरशीला पान भिजण्याचीही गरज नसते. मुळाशी कोरड आणि वर दमट हवा एवढे तिला पुरते. दुसरी अडचण जास्त वाईट, कारण ती उशिरा कळते. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी शेंड्यातल्या कोवळ्या भागात राहतो. त्याने ग्रासलेल्या झाडाची कळी उमलायच्या वेळी हातात घेतली तर जांभळ्या पाकळ्यांच्या जागी बारीक हिरव्या पानांचा घट्ट झुबका सापडतो, आणि देठावर तपकिरी, खरखरीत चरे असतात. घरगुती बागेत या कोळ्यावर चालणारे औषध नाही. न्यूयॉर्क ॲस्टर या दोन्हींना लवकर बळी पडते.

यावर अनुभवी माळी म्हणतील की दोष वाणाचा कमी आणि निगेचा जास्त आहे. गड्डा दर दोन-तीन वर्षांनी फोडावा, मधला जून भाग टाकून कडेचे ताजे फुटवे लावावेत, उन्हाळ्यात पाणी तुटू देऊ नये, मग बॅलार्ड यांचे वाणही उत्तम येतात. यात तथ्य आहे. कॉलवॉलच्या पिक्टन गार्डनमध्ये शरदातल्या ॲस्टरचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे हे वाण जपले जातात. पण ती एकाच झाडाला वाहिलेल्या लोकांची निगा. इंग्लिश बागरचनाकार गर्ट्रूड जीकल यांनी आपल्या मन्स्टेड वुडच्या बागेत मायकेलमस डेझीसाठी वेगळे वाफे राखले होते. तेवढी जागा असेल तर उन्हाळ्यातली मरगळलेली पाने नजरेआड राहतात. सामान्य घराच्या एकुलत्या एका मिश्र वाफ्यात शेजारच्या झाडांची मुळे ओल ओढून घेतात आणि भुरीला हवी तीच परिस्थिती तयार होते.

मग पर्याय काय? एक न्यू इंग्लंड ॲस्टर. त्याचे पान केसाळ, खरखरीत आणि खोडाला मिठी मारून बसलेले असते. त्याला भुरी क्वचितच लागते आणि कोळी बहुधा शिवत नाही. त्याच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. फुले संध्याकाळी आणि झाकोळलेल्या दिवशी मिटतात, आणि खोडाची खालची पाने गळून ते उघडे पडते. पहिला आक्षेप खरा आहे, काही वाणांत तो कमी जाणवतो इतकेच. दुसऱ्यावर उपाय सोपा: पुढे ठेंगणे झाड लावावे, किंवा मेअखेर शेंडे तृतीयांशाने छाटावेत, म्हणजे झाड बुटके आणि दाट होते. ‘पर्पल डोम’ तर मुळातच दीड फुटाचे आहे. अमेरिकेत डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटरने २००३ ते २००५ या काळात ॲस्टर शेजारी-शेजारी लावून पाहिले. तिथे सरस ठरले ते गुळगुळीत, निळसर पानांच्या दुसऱ्या एका जातीचे ‘ब्लूबर्ड’. त्याचे फूल लहान आणि एकेरी असते.

मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते ‘मोंख’चे. स्वित्झर्लंडमधल्या श्टेफा गावचे रोपवाटिकाकार फ्रिकार्ट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपातल्या ‘अमेलस’ जातीचा संकर पश्चिम हिमालयातल्या ‘थॉमसोनी’ जातीशी केला आणि निघालेल्या रोपांना आल्प्समधल्या शिखरांची नावे दिली. ‘थॉमसोनी’ हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेल्या थॉमस थॉमसन यांच्यावरून पडले, सी. बी. क्लार्क यांनी १८७६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शरदातल्या सर्वांत निरोगी ॲस्टरांपैकी एकाची एक बाजू अशी आपल्याच डोंगरांतली आहे. ‘मोंख’ जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत लव्हेंडर-निळी फुले देतो, आणि त्याच्या पानावर भुरी सहसा दिसत नाही. ‘मारी बॅलार्ड’ची भरगच्च गोलाई त्याच्याकडे नाही, पण वाफ्याला रंगाचे जितके आठवडे तो देतो तितके ती देऊ शकत नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर ही निवड विशेष सोयीची. न्यू इंग्लंड ॲस्टर तिथले देशी झाड आहे आणि नेमके दसऱ्याच्या सुमारास फुलते. घेताना मात्र एक करावे. सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेत प्रत्येक कुंडी फुलांनी लदलेली असते. तेव्हा फुले बाजूला सारून खालची पाने उलटून पाहावीत. तिथे पांढरी पूड किंवा वाळलेली पाने असतील तर तो वाण सोडून द्यावा. आवडलेल्या वाणाचे नाव लिहून घ्यावे आणि रोप वसंतात आणावे, विशेषतः ‘मोंख’ आणि ‘अमेलस’चे. त्यांना निचऱ्याची जमीन लागते आणि शरदात लावल्यास मुळे धरायच्या आधीच ती हिवाळ्याच्या ओलीत कुजतात.