चार सीडी लावा, तेव्हा एक गाणं ऐका!

घरात सीडी प्लेअर किती? एक? मग १९९७चा ‘झायरीका’ हा अल्बम तुम्हाला पाव हिस्साच ऐकू येणार! अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या ‘द फ्लेमिंग लिप्स’ या रॉक बँडने पाकिटात चार सीडी दिल्या. चारींवर तीच आठ गाणी, पण सूर आणि वाद्यं चार सीडींत वाटून टाकलेली. चार प्लेअर मांडायचे, चार माणसं बसवायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम बटण दाबायचं. वाटलं तर एकच सीडी ऐका, दोन ऐका, हवी ती जोडी लावा. एकूण पंधरा तऱ्हा होतात.

या कल्पनेचं मूळ पार्किंगमध्ये आहे. तरुणपणी एका कार्यक्रमाबाहेर उभ्या गाड्यांतून एकाच वेळी तेच गाणं वाजताना बँडचा गायक वेन कॉइनने ऐकलं होतं. ते डोक्यात राहिलं. १९९६मध्ये त्याने चाळीसएक कॅसेट तयार केल्या, लोकांना गाड्या घेऊन बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एक कॅसेट दिली आणि इशारा करताच सगळ्यांना ती सुरू करायला लावली. पार्किंगचाच ऑर्केस्ट्रा झाला!

मला सगळ्यात आवडते ती यातली गडबड. कुठलेही दोन सीडी प्लेअर तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत. शिवाय कुणाचं तरी बोट जरा उशिरा पडतंच. त्यामुळे गाणं पुढे सरकतं तसे चारही आवाज एकमेकांपासून किंचित सुटत जातात. बँडने हे गृहीतच धरलं होतं, की तोच अल्बम दुसऱ्यांदा हुबेहूब तसाच वाजत नाही. शेवटच्या गाण्यात कुत्री भुंकतात. प्लेअर चार कोपऱ्यांत ठेवलेत तर ती चहूबाजूंनी अंगावर येतात! एका गाण्यात तर इतके उंच आणि इतके खर्जातले ध्वनी आहेत की ऐकणाऱ्याला गरगरू शकतं, असा इशारा अल्बमवरच छापलाय.

‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने या अल्बमला दहापैकी चक्क शून्य गुण दिले. मला तो निकाल साफ चुकीचा वाटतो. गंमत म्हणजे पुढे त्याच पिचफोर्कचे संपादक झालेल्या मार्क रिचर्डसन यांनी ‘झायरीका’वर अख्खं पुस्तक लिहिलं. ‘झायरीका’च्याच काळातल्या ध्वनिमुद्रणातून १९९९चा ‘द सॉफ्ट बुलेटिन’ आला आणि तो समीक्षकांनी डोक्यावर घेतला.

२०१३मध्ये ‘झायरीका’ चार तबकड्यांच्या संचात पुन्हा निघाला. म्हणजे आता रेकॉर्ड प्लेअरही चार हवेत! ऐकायचाच असेल तर चार सीडींचं एकत्र केलेलं आयतं मिश्रण शोधू नका. तीन मित्रांना घरी बोलवा.