सातबारा शोधताना तालुका निवडला की गावांची यादी येते कुठून?

आष्टा गावातल्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन पाहायचा असेल, तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर आधी सांगली जिल्हा, त्यानंतर वाळवा तालुका आणि शेवटी गाव असा क्रम लावावा लागतो. तालुका निवडेपर्यंत गावांची यादी रिकामी असते. तालुका निवडला की ती क्षणभराने भरते. नेट मंद असेल तर हा 'क्षण' बराच लांबतो आणि 'साइट अडकली' असं वाटून अनेक जण पुन्हा पुन्हा क्लिक करतात. या मधल्या वेळात नेमकं काय सुरू असतं?

सगळी गावं आधीच का दिसत नाहीत?

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ४० हजारांहून अधिक गावं आहेत. ही सगळी नावं पानासोबत प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवली, तर पान जड होईल आणि यादीत आपलं गाव शोधणं अवघड जाईल. शिवाय एकाच नावाची गावं अनेक तालुक्यांत असतात. त्यामुळे यादी टप्प्याटप्प्याने मागवली जाते. सांगली निवडलं की फक्त त्या जिल्ह्यातले तालुके येतात आणि वाळवा निवडलं की फक्त त्या तालुक्यातली गावं.

ही नावं तुमच्या फोनमध्ये नसतात, सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असतात. म्हणजे तालुका निवडणं ही नुसती खूण नाही. ती सर्व्हरकडे गेलेली मागणी असते.

मागणी सर्व्हरपर्यंत कशी जाते?

मुळात वेबवरचा फॉर्म 'सबमिट' बटण दाबल्यावरच सर्व्हरकडे जातो. यादीतून नाव निवडल्याचं सर्व्हरला आपोआप कळत नाही. हे काम करते ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट. ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. यादीतली निवड बदलली की ब्राउझर 'बदल झाला' अशी सूचना देतो. स्क्रिप्ट ती सूचना पकडते आणि मागणी पुढे पाठवते.

अनेक सरकारी संकेतस्थळं मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या तंत्रावर उभी आहेत. २००२ मध्ये आलेल्या या तंत्रात यादीला 'ऑटोपोस्टबॅक' हा गुण जोडला की स्क्रिप्ट आपोआप तयार होते. पानात न दिसणाऱ्या काही चौकटी असतात. स्क्रिप्ट त्यात 'कोणत्या यादीत बदल झाला' हे लिहिते आणि सबमिट बटण न दाबताच पूर्ण फॉर्म सर्व्हरला पाठवते. सर्व्हर ते वाचतो, गावांची नावं काढतो आणि नवं पान परत पाठवतो.

मग पान लुकलुकतं का?

या पद्धतीत प्रत्येक निवडीला पूर्ण पान जातं आणि पूर्ण पान परत येतं. म्हणून पडदा क्षणभर पांढरा होतो आणि पान पुन्हा वर सरकतं. यावर दुसरी वाट निघाली. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये अशी सोय दिली, की पान तसंच ठेवून स्क्रिप्टला सर्व्हरशी मागच्या मागे बोलता येईल. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. यात फक्त गावांची यादी येते आणि पानाचा तेवढाच भाग बदलतो.

पान लुकलुकलं नाही म्हणून काम झालं असं मात्र नाही. उत्तर येईपर्यंत यादी जुनी किंवा रिकामीच असते. 'थांबा' असं सांगणारं चक्र पानावर नसेल, तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही.

दोनदा क्लिक केलं तर?

गावांची यादी दोनदा मागवली तर फारसं बिघडत नाही. तीच यादी पुन्हा येते. पैशांच्या व्यवहारात प्रश्न गंभीर होतो. महाभूलेखवर दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा, कामासाठी वापरता येणारा उतारा वेगळ्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घ्यावा लागतो. पैसे भरण्याची मागणी दोनदा गेली आणि दुसरी मागणी तीच आहे हे सर्व्हरने ओळखलं नाही, तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.

म्हणून चांगल्या फॉर्ममध्ये पहिल्या क्लिकनंतर स्क्रिप्ट बटण बंद करते. पण तेवढं पुरत नाही. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तो सर्व्हरवरही तपासावा लागतो. कारण ब्राउझरमधली स्क्रिप्ट वापरणाऱ्याच्या ताब्यात असते. थोडं तांत्रिक ज्ञान असलेली व्यक्ती ती बंद करू शकते किंवा यादीत नसलेली किंमतही पाठवू शकते. एएसपी डॉट नेटमध्ये २००५ पासून यावर एक तपासणी आहे. सर्व्हरने यादीत दिलीच नव्हती अशी किंमत परत आली, तर तो ती मागणी नाकारतो.

थोडक्यात, ब्राउझरमधली तपासणी सोयीसाठी असते आणि सर्व्हरवरची सुरक्षेसाठी.

फॉर्म भरताना काय लक्षात ठेवावं?

- निवड वरून खाली, क्रमाने करा. वरचा तालुका बदलला की खालचं गाव पुसलं जातं, कारण जुनी यादी नव्या तालुक्याला लागू नसते.
- गावांची यादी भरेपर्यंत दुसरीकडे क्लिक करू नका.
- मध्येच 'बॅक' किंवा 'रिफ्रेश' दाबू नका. केलेली निवड जाऊ शकते किंवा तोच फॉर्म पुन्हा पाठवला जाऊ शकतो.
- फॉर्म बराच वेळ उघडा राहिला असेल, तर सर्व्हरने तुमचं सत्र संपवलेलं असू शकतं. अशा वेळी पहिल्यापासून सुरुवात करणं सोपं पडतं.
- पैसे कापले गेले, पण उतारा आला नाही, तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. आधी व्यवहाराची स्थिती तपासा.