आधी घरचा पेला, मग डेअरीची किटली

भगिनींनो, सकाळची धार निघाली की किटली थेट डेअरीवर जाते आणि मुले कोऱ्या चहावर शाळेला जातात. असे करू नका. दुधाचे बिल दहा दिवसांनी हाती येते, पण मुलांचे वाढीचे वय परत येत नाही. गाईच्या २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडे आणि दात त्यावरच पोसतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसालाही रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सांगते.

दूध उकळूनच द्या. दुधाने ज्याचे पोट फुगते, त्याला ताक द्या. विरजणाने दुधातली साखर कमी होते. दुधात लोह मात्र नावापुरतेच, म्हणून भाकरीसोबत पालेभाजी हवीच. उद्यापासून आधी मुलांचा पेला भरा, मग किटली.