हौसेचा गळ आणि महाशीर

माण गावाजवळून वाहणारी मुळा नदी पुण्यात मुठेला मिळते. याच मुळा-मुठेतल्या माशांवरून निसर्ग अभ्यासक सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे धरणे, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारीने तो विरळ झाला. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्राने त्याची पिल्ले वाढवली. तीच कावेरीत सोडल्यावर मात्र तिथल्या मूळच्या, आज अतिसंकटग्रस्त ठरलेल्या महाशीराची पीछेहाट झाली, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे 'पिल्ले सोडली की भरपाई झाली' हा हौशी मासेमारांचा समज टिकत नाही. पकडून सोडलेला मासाही दमछाकीने दगावू शकतो. उलटे टोक नसलेला गळ आणि ओले हात यांनी इजा कमी होते. पावसाळ्यात अंडी घालायला निघालेले चढणीचे मासे तर हौसेखातर धरूच नयेत.