आरएस ओफियुकीची सव्वाशे वर्षं

भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ओफियुकी एरवी अकराव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पण अधूनमधून तो एकाएकी भडकतो आणि अंधाऱ्या माळावरून दुर्बिणीशिवायही सापडतो. १८९८मध्ये तो भडकला तेव्हा कुणालाच पत्ता लागला नाही. काही वर्षांनी हार्वर्ड वेधशाळेतल्या जुन्या छायाचित्रपट्ट्या तपासताना विल्यमिना फ्लेमिंग यांच्या नजरेस तो पडला. १९३३मध्ये इटलीतले एप्पे लोरेटा शेजारच्या वाय ओफियुकीचं निरीक्षण करत होते, तेव्हा त्यांना हा दिसला. मग १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१. १९०७ आणि १९४५चे स्फोटही बहुधा झालेच असावेत. पण दर डिसेंबरात सूर्य या तारकासमूहातून जातो, आणि त्या उजेडात असं काही घडलं तर ते निसटतंच.

आरएस ओफियुकी हे खरं तर जोडतारे आहेत. तांबडा राक्षसी तारा आणि श्वेत बटू सुमारे ४५४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. बटू पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा जास्त. जोडीदाराकडून आलेला हायड्रोजन त्याच्या पृष्ठभागावर थरावर थर साचतो. तळाचा थर तापला, तरी तिथला वायू इतका दाबलेला असतो की तो फुगून थंड होऊ शकत नाही. संमीलन सुरू झालं की भडकतच जातं. बटू जितका जड, तितका कमी साठा पुरतो. म्हणून इतरत्र हजारो वर्षं लागतात, ते इथे दशकांत घडतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००६चा स्फोट. बाहेर फेकलेला वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या वायूवर, आदळला आणि त्या धक्क्यातून रेडिओ लहरी निघाल्या. १९८५मध्ये कमी कंप्रतेवर काहीच हाती लागलं नव्हतं. या वेळी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ६१० आणि ३२५ मेगाहर्ट्झवर हा तारा पकडला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या निमिषा कंथारिया आणि सहकाऱ्यांचं हे काम. समोरचा वारा दाट असेल, तर या लहरी तो वाटेतच गिळतो. त्या पोचल्या, म्हणजे या वेळी वाटेतला वायू विरळ होता. एका मोजमापातून अदृश्य वाऱ्याची घनता कळावी, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

८ ऑगस्ट २०२१ला आयर्लंडच्या कीथ गियरींनी पुढचा स्फोट टिपला. नामिबियातल्या हेस आणि ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणींना त्यातून अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण मिळाले; नवताऱ्याकडून, म्हणजे अशा भडकणाऱ्या ताऱ्याकडून, असे किरण प्रथमच सापडत होते.

उरलेला प्रश्न हिशेबाचा आहे. प्रत्येक स्फोटात बटू साचवलेलं सगळं उधळतो की काही राखतो? राखत असेल, तर तो चंद्रशेखर मर्यादेकडे, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाकडे, सरकतो आहे. त्याचा गाभा कार्बन-ऑक्सिजनचा असेल तर शेवटी अतिनवताऱ्याच्या स्फोटात त्याच्या चिंधड्या होतील. ऑक्सिजन-निऑनचा असेल, तर कोसळून न्यूट्रॉन तारा होईल.