ग्रीक मीटबॉलमधला ब्रेड काढला, पण कार्ब खरंच कमी झाले का?

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या घरी बाबांच्या मोबाइलवर एक रील आली. पांढऱ्या प्लेटमध्ये खिम्याचे खरपूस गोळे, शेजारी दह्याची वाटी आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : 'लो-कार्ब ग्रीक मीटबॉल, शुगरवाल्यांनी बिनधास्त खा.' बाबांना आठ वर्षांपासून शुगर. त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं, उद्यापासून भाकर बंद.

आई म्हणाली, "भाकरीनं काय घोडं मारलं बाप्पा तुमचं?"

बाबांनी ऐकलं नाही. रात्री गोळे खाल्ले, भाकरीला हात लावला नाही आणि शुगरची गोळी मात्र रोजच्यासारखीच घेतली. मध्यरात्री घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर आकडा आला ६१. साखरेचं पाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. पण त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही.

आता यात चूक कुणाची? मीटबॉलची नक्कीच नाही. पदार्थ चांगला आहे, घरी सहज होतो आणि त्यासाठी महागडं बदामाचं पीठ मागवायचीही गरज नाही. फक्त लो-कार्ब म्हणजे नेमकं काय आणि कार्ब कुठं वाचतात, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. तेच आज समजून घेऊ.

ग्रीक मीटबॉल म्हणजे काय?

ग्रीसमध्ये याला 'केफ्तेदेस' म्हणतात. नाव ओळखीचं वाटलं ना? वाटणारच, कारण आपला कोफ्ता आणि त्यांचा केफ्तेदेस एकाच शब्दातून आलेत. फारसीत 'कुफ्ता' म्हणजे कुटलेलं. तो शब्द तुर्कस्तानात गेला आणि 'कोफ्ते' झाला, तिथून ग्रीसला गेला आणि 'केफ्तेस' झाला, त्याचंच अनेकवचन केफ्तेदेस. इकडे फारसी दरबारांसोबत तो भारतात आला. वऱ्हाडालाही ही भाषा परकी नव्हती. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडावर इमादशाही होती आणि तिची राजधानी होती अचलपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातच. 'खिमा' हा शब्दही त्याच वाटेनं आपल्याकडे आला.

म्हणजे मीटबॉल हा काही आपल्यासाठी परग्रहावरचा पदार्थ नाही. फरक आहे तो मसाल्याचा. ग्रीक लोक त्यात कांदा, लसूण, पुदिना आणि ओरेगानो घालतात. सोबत 'झाझिकी', म्हणजे घट्ट दही, काकडी, लसूण आणि शेपूची एक प्रकारची कोशिंबीर.

मग त्यात ब्रेड कशाला?

नेहमीच्या कृतीत खिम्यात भिजवलेला ब्रेड कुस्करून घालतात आणि तळण्याआधी गोळे मैद्यात घोळवतात. आपल्याला वाटतं ब्रेड म्हणजे नुसती भरती. तसं नाही. ब्रेडमधला स्टार्च पाणी धरून ठेवतो. मांस गरम झालं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. मध्ये ब्रेड असला की ती एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, गोळा मऊ राहतो.

म्हणून नुसता ब्रेड काढून टाकला की गोळा एक तर फुटतो, नाही तर रबरासारखा होतो. आपल्याकडे ही अडचण जास्त, कारण आपलं मटण म्हणजे बोकडाचं आणि त्यात चरबी कमी. १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम २ ते ३ ग्रॅम चरबी असते.

ब्रेडचं काम करणार जवस

याचं उत्तर वऱ्हाडातल्या चटणीच्या डब्यात आहे. जवस.

जवसाची पूड ओली झाली की बुळबुळीत होते, हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. तो चिकटपणा पाणी धरतो आणि गोळा बांधतो, म्हणजे ब्रेडचंच काम करतो. १०० ग्रॅम जवसात साधारण २९ ग्रॅम कार्ब दिसतात, पण त्यातले २७ ग्रॅम फायबर असतं. फायबर पचून साखरेत बदलत नाही, त्यामुळे रक्तातल्या साखरेवर त्याचा परिणाम जवळपास शून्य.

बाकीचं सामानही इथंच मिळतं. ग्रीक योगर्टच्या जागी रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का. ओरेगानो नसेल तर चिमूटभर ओवा, कारण दोघांच्या वासातली मुख्य द्रव्यं एकमेकांच्या जवळची आहेत. आणि शेपू तर भाजीबाजारात जुडीनं मिळतो.

करायचे कसे?

साधारण २० गोळ्यांसाठी, म्हणजे चार जणांना पुरेल असं प्रमाण :

- मटणाचा खिमा अर्धा किलो. दुकानात दोनदा काढून घ्या आणि थोडी चरबी राहू द्या म्हणून सांगा.
- एक मध्यम कांदा, किसून आणि पिळून.
- एक अंडं.
- जवसाची पूड २ मोठे चमचे. जवस हलकं भाजून कुटा, चटणी वापरू नका, त्यात तिखट-मीठ असतं.
- चक्का २ मोठे चमचे, तेल १ मोठा चमचा.
- लसूण ६ पाकळ्या, मूठभर पुदिना, थोडी कोथिंबीर.
- चिमूटभर ओवा, अर्धा चमचा जिरेपूड, मिरपूड, किंचित दालचिनी, चवीपुरतं मीठ आणि लिंबाची किसलेली साल.

आधी जवसाची पूड, अंडं आणि चक्का एकत्र करून १० मिनिटं ठेवा. जवस फुगलं की बाकी सगळं घालून हातानं कालवा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा : कणकेसारखं मळायचं नाही. जास्त मळलं की मीठ आणि प्रथिनं मिळून खिमा घट्ट होतो आणि गोळा चिवट लागतो. एकजीव झालं की थांबा.

लहान लिंबाएवढे गोळे वळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात थोडं तेल, मध्यम आच, वर झाकण. एका बाजूनं ५ ते ६ मिनिटं, मग उलटून तेवढाच वेळ. एक गोळा फोडून बघा. आत गुलाबी दिसत असेल तर अजून ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मधोमध ७१ अंश सेल्सिअस यायला हवं, चिकनचा खिमा असेल तर ७४.

झाझिकीसाठी काकडी किसून मीठ लावा, १० मिनिटांनी पिळा आणि चक्का, ठेचलेला लसूण, चिरलेला शेपू आणि थोड्या तेलात कालवा. काकडी पिळली नाही तर वाटीत पाणीच पाणी होतं.

आणि हो, अकोला-अमरावतीचा उन्हाळा विसरू नका. पारा ४५ च्या घरात असताना खिमा ओट्यावर ठेवून मोबाइल बघत बसायचं नाही. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर मांस एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असा नियम आहे. खिम्यात तर जंतू लवकर वाढतात, कारण वरचा भाग दळताना आतपर्यंत मिसळलेला असतो.

आता खरा हिशोब

अर्धा किलो खिम्याला ब्रेडच्या तीन स्लाइस लागतात असं धरू. एका स्लाइसमध्ये साधारण १२ ग्रॅम कार्ब, म्हणजे एकूण ३६. एका माणसानं पाच गोळे खाल्ले तर त्याच्या वाट्याला येतात ९ ग्रॅम. ब्रेड काढून जवस घातलं की वाचले ते एवढेच. मैद्यात घोळवलं नाही म्हणून अजून थोडे.

आता भाकर बघा. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत साधारण ४० ग्रॅम कार्ब असतात. दोन भाकरी म्हणजे ८०.

समजलं? गोळ्यातून ब्रेड काढून वाचले ९ ग्रॅम, आणि सोबत दोन भाकरी, पाव किंवा भाताचा डोंगर घेतला तर आले ८० ग्रॅम. लो-कार्ब हे एका पदार्थाचं नाव नसतं, ते सगळ्या ताटाचं गणित असतं. रीलमध्ये गोळे दिसतात, ताट दिसत नाही.

दिवसभराचंही गणित बघू. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब असतील तर त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २०२५ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतीयांच्या ताटातल्या सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात. रोज २००० कॅलरी धरल्या तर हे होतात ३१० ग्रॅम. म्हणजे ३१० वरून १३० वर एका रात्रीत उडी मारणं ही काही लहान गोष्ट नाही.

म्हणजे रोज मटणच खायचं का?

नाही. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली. कार्बमधून येणाऱ्या ५ टक्के कॅलरी कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे यांची प्रथिनं घेतली तर मधुमेहाचा धोका कमी दिसला. लाल मांसाच्या बाबतीत तसा फायदा दिसला नाही. आणि तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ घेतलं, पण एकूण कार्ब तेवढेच ठेवले, तरीही धोका कमी झाला नाही. म्हणजे 'भात सोडला, आता भाकरी चार खातो' हा हिशोबही चुकीचाच.

म्हणून मटणाचे गोळे कधीतरी करा. एरवी सोयाबीनचे करा. वऱ्हाडात सोयाबीन पोत्यानं पिकतं आणि आपल्या ताटात ते तेल सोडून फारसं येत नाही. सोयाचा चुरा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, बाकी कृती तीच, फक्त अंडी दोन घ्या. १०० ग्रॅम कोरड्या चुऱ्यात साधारण ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३३ ग्रॅम कार्ब असतात. मटणात कार्ब नसतातच, त्यामुळे इथं ते थोडे वाढतात, पण तेवढे चालतात.

आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं?

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी नक्की विचारायचं. ही औषधं तुमचं नेहमीचं जेवण गृहीत धरून साखर खाली आणतात. जेवणातले ८० ग्रॅम कार्ब अचानक गायब झाले तरी औषध आपलं काम करतच राहतं. बाबांचं हेच झालं : गोळे बदलले, गोळी तीच राहिली.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या असतील तर कार्ब फार कमी केल्यावर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी असं काही वाटलं आणि साखर ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

बाबांच्या डॉक्टरांनी नंतर गोळीचा डोस बदलून दिला आणि भाकरी दोनवरून एकवर आणली, तीही हळूहळू. आता आमच्याकडे महिन्यातून एकदा मटणाचे आणि दोन-तीनदा सोयाचे गोळे होतात. सोबत झाझिकी असते, पण आई तिला काकडीची कोशिंबीरच म्हणते. आणि ताटात एक भाकर असते.