बाजूला काढलेले डाव : कानो जिगोरो आणि ज्युदोची स्थापना

मल्लविद्येचा संस्थापक म्हणजे नवे डाव शोधून काढणारा पुरुष, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी ज्युदोचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. कारण कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये ज्या विद्येची स्थापना केली तिच्यातील बहुतेक डाव त्यांच्या आधी कित्येक पिढ्या चालत आलेले होते, आणि त्यांचे खरे कर्तृत्व त्यांतले काय ठेवावे, काय बाजूला काढावे व ठेवलेले कसे शिकवावे हे ठरवण्यात होते.

ज्युदोचे मूळ जुजुत्सूमध्ये, म्हणजे हाती शस्त्र नसताना किंवा आखूड शस्त्रानिशी लढण्याच्या सामुराईंच्या विद्येत आहे. तिची अनेक घराणी होती आणि प्रत्येक घराणे आपले डाव गुप्त राखीत असे. १८६८ च्या मेइजी स्थित्यंतरानंतर सामुराईंचा मान गेला, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि जुजुत्सूच्या शाळा ओस पडून अनेक गुरू हाडे बसवून पोट भरू लागले. आजच्या कोबे शहरात मोडणाऱ्या मिकागे गावी १८६० मध्ये साके गाळणाऱ्या सधन घरात जन्मलेले कानो अंगाने लहानखुरे होते आणि दांडगट मुलांचा त्रास त्यांनी सोसला होता. १८७७ मध्ये टोकियो विद्यापीठात शिकत असताना जुजुत्सूच्या गुरूचा शोध घेण्यासाठी ते हाडवैद्यांकडेच चौकशी करू लागले, आणि त्यातूनच तेनजिन शिन्यो घराण्याचे फुकुदा हाचिनोसुके त्यांना भेटले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. वस्ताद आणि हाडवैद्य एकच असणे ही तालमीतली जुनी रीत आहे, आणि बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव व्यायामाइतकेच हाडे बसवण्यासाठीही ख्यातकीर्त होते.

फुकुदांच्या शाळेत फुकुशिमा नावाचा एक भारदस्त शिष्य कानोंना सरावात आवरत नसे. कानोंनी प्रथम सुमो कुस्तीतले डाव चाळून पाहिले, पण त्यांनी काम भागले नाही. मग ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके उघडून त्यांतला एक डाव त्यांनी घटवला आणि फुकुशिमाला पाडले. प्रतिस्पर्ध्याचा हात पुढे ओढून त्याच्या काखेखाली शिरायचे, दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून घालून त्याला खांद्यांवर आडवा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा, असा हा डाव ज्युदोत ‘काता गुरुमा’ म्हणून ओळखला जातो. कोल्हापूरच्या लाल मातीत किंवा बंगळूरच्या जुन्या पेठेतील गरडीत (कानडी मुलखात तालमीला गरडी म्हणतात) घाम गाळलेला मल्ल तो पाहताच ‘कलाजंग’ म्हणून ओळखील.

फुकुदांच्या निधनानंतर कानो किटो घराण्याच्या इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे गेले. प्रतिस्पर्ध्याला उचलण्याआधी त्याचा तोल मोडला पाहिजे, हे तत्त्व तिथे त्यांच्या मनात पक्के झाले. तो ढकलत असेल तर त्याला ओढावे, ओढत असेल तर ढकलावे, आणि त्याचे वजन एका पायाच्या टोकावर किंवा टाचेवर आले की त्याच क्षणी डाव टाकावा. या तोल मोडण्याला ‘कुझुशी’ म्हणतात आणि ज्युदोतील प्रत्येक फेकीचे शिक्षण त्यापासूनच सुरू होते.

मे १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांसह एकवीस वर्षांच्या कानोंनी ‘कोडोकान’ ही शाळा काढली. शिष्य आपटत तेव्हा जमीन हादरून मंदिरातले स्मृतिफलक खाली पडत, आणि खालच्या मोडक्या तुळया दुरुस्त करण्याचे काम कानोंनाही करावे लागे. इथे त्यांनी जो निर्णय घेतला तोच ज्युदोची खरी स्थापना मानावा लागेल. मारून किंवा सांधे मोडून इजा करणारे डाव त्यांनी ‘काता’ या ठरीव, आखीव सरावापुरते ठेवले. उरलेल्या डावांची ‘रांदोरी’, म्हणजे मोकळी झुंज, दोघांनी पूर्ण ताकदीने खेळावी असा दंडक घातला. धोकादायक डाव वगळल्यामुळे जोडीदार दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहू शकत होता, आणि रोज खऱ्या जोराने लढता आल्यामुळेच कोडोकानचे शिष्य इतरांहून तयार झाले. १८८३ मध्ये पहिली ‘दान’ श्रेणी दिली गेली आणि पुढे काळ्या पट्ट्याची प्रथा आली. प्रगती मोजता येऊ लागली आणि घराण्याची गुप्तता संपली.

महाराष्ट्रात याच जातीचे काम दोन टप्प्यांत झाले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला आजचे रूप दिले, असे परंपरा सांगते. पण ती विद्या बराच काळ गुरुमुखी राहिली. तिला शिस्त, हुकूम आणि लिखित पाठ मिळाले ते विसाव्या शतकात : माणिकरावांनी सांघिक व्यायामाची बांधणी केली, दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला, आणि १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगापुढे मांडले. कानोंनी शाळा आणि शास्त्र एकाच हाताने उभे केले. आपल्याकडे ते पिढ्यांवर विभागले गेले, आणि मुजुमदारांच्या परिश्रमांची जाण आज फारच थोड्यांना आहे, ही खेदाची गोष्ट होय.

भारतात ज्युदो आला तो शांतिनिकेतनमार्गे; रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये कोडोकानचे शिंझो ताकागाकी तिथे शिकवण्यास आले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य असलेले कानो ४ मे १९३८ रोजी कैरोच्या बैठकीहून परतताना ‘हिकावा मारू’ जहाजावर निधन पावले. ज्युदो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला तो टोकियोतच, १९६४ मध्ये. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत झाली.